गाऱ्हाणे आणि संकल्प

श्रींच्या दर्शनासाठी या सागरतीरी येणाऱ्या यात्रेकरूंपैकी केवळ आनंदाने येणारे थोडेच असतात. कोणाच्या घरी दीर्घकाळचे आजारपण असते, कोणाचा धंदा बसलेला असतो, कोणाच्या मुलाचे शिक्षण पुरे होऊनही त्याला नोकरी लागलेली नसते. अभिषेकाची वा देणगीची पावती करताना ‘कोणाच्या नावे लिहायची?’ असे विचारले, की त्या एका नावामागून कित्येकदा सारी हकिकत बाहेर येते.

अशा माणसाला आप्तेष्टांकडून सहसा दोन प्रकारचे उपदेश मिळालेले असतात. एक जण सांगतो, ‘देवावर भार टाक आणि स्वस्थ राहा.’ दुसरा सांगतो, ‘मन खंबीर कर, चांगलाच विचार कर, सारे ठीक होईल.’ दोन्ही उपदेश सद्भावनेने दिलेले असतात. तरीही दोहोंत एक उणीव राहते. ऐकणाऱ्याचे दुःख पुरते ऐकून घेण्याआधीच त्याला उत्तर दिले जाते. त्यामुळे मनात प्रश्न उभा राहतो, की संकटास धैर्याने तोंड देणे म्हणजे नेमके काय? दुःखाचा विचारच मनात येऊ न देणे, याला धैर्य म्हणावे काय? आणि देवापुढे हात जोडणाऱ्याचा निर्धार तेवढ्याने उणा ठरतो काय? या प्रश्नांचा आपल्या मातीतील परंपरांच्या आणि माणसांच्या आधाराने विचार करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची प्रथा आहे. घाटावरून वा दूरच्या शहरांतून येणाऱ्या भाविकांना ती अपरिचित असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल. एरवी गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. परंतु कोकणात तो प्रार्थनेचाच एक प्रकार आहे. ज्याची अडचण असेल तो देवापुढे नारळ ठेवतो आणि गुरव किंवा गावचा मानकरी त्याच्या वतीने उभा राहून देवाशी मोठ्याने बोलतो. हा अमुक, अमुक वाडीतला, याच्या घरी असे असे झाले आहे, याला वाट दाखव, असे तो मालवणी बोलीत स्पष्ट शब्दांत सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर सभोवती उभे असलेले ग्रामस्थ एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात.

या प्रथेकडे नीट पाहिले असता तिच्यातील शहाणपण ध्यानी येते. येथे संकट लपविले जात नाही. त्याला नाव दिले जाते, ते कोणाचे आहे हे सांगितले जाते आणि ते रोजच्या भाषेत उच्चारले जाते. ‘होय महाराजा’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्या क्षणी कर्ज फेडीत नाही की आजार बरा करीत नाही. ते फक्त एवढेच मान्य करतात, की या माणसाची अडचण खरी आहे आणि ती आम्ही ऐकली आहे. मनावरील ताणाचा मोठा भाग संकटाइतकाच ते एकट्याने वाहण्यात असतो. ज्याने आपले दुःख आठ महिने घरातही कोणास सांगितलेले नसते, त्याला ते चारचौघांसमक्ष उच्चारले गेल्यावर हलके वाटते, याचे कारण हेच असावे.

आपल्या धर्मग्रंथांतही याला आधार आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. रणांगणावर गांडीव हातातून गळून पडत असलेल्या, अंगाला कंप सुटलेल्या योद्ध्याच्या खिन्नतेला ‘योग’ हे नाव मिळाले आहे. अर्जुन अध्यायाच्या उत्तरार्धात आपली व्यथा सांगतो आणि भगवंत ती ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला दुबळेपणा टाकून उठावयास सांगतात; पण तेवढ्या शब्दांनी अर्जुन उठत नाही. तो पुन्हा आपली अवस्था सांगतो, ‘मी तुझा शिष्य आहे, मला शिकव’ अशी विनवणी करतो आणि लढणार नाही असे म्हणून गप्प बसतो. खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो आणि तो अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. शेवटीही भगवंत त्याला विचार करून इच्छेस येईल तसे करण्यास सांगतात. ‘खंबीर हो’ एवढे दोन शब्द जर पुरेसे असते, तर सातशे श्लोकांचे प्रयोजन उरले नसते. धीर देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संत तुकाराम महाराजांचे चरित्रही हेच सांगते. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात त्यांच्या घरी मृत्यू आले, व्यापार बुडाला, लोकांत मान राहिला नाही. त्यांनी आपली ही दशा विठ्ठलापासून लपविली नाही. त्यांच्या अभंगांत देवाशी प्रेम आहे, तसेच उघड भांडणही आहे. देवापुढे रडणारा आणि देवाशी भांडणारा तो माणूस दुबळा होता, असे कोणता मराठी माणूस म्हणेल?

तेव्हा पहिली पायरी ही, की संकट जेवढे आहे तेवढे पाहावे. त्याहून लहान मानू नये आणि मोठेही करू नये. परंतु गाऱ्हाणे घालून झाल्यावर माणसाने देवळाच्या पायरीवरच बसून राहावयाचे नसते. पुढे काय करावयाचे, याचे उत्तर मालवणच्या समुद्रातच उभे आहे.

येणारा प्रत्येक यात्रेकरू सिंधुदुर्ग किल्ला पाहतो. त्याची तटबंदी, तळहाताचा व पावलाचा ठसा, तीन गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून तो थक्क होतो. मात्र हा किल्ला कोणत्या काळात बांधला गेला, याकडे सहसा लक्ष जात नाही. १६६४ या वर्षाच्या आरंभी, जानेवारीत, शहाजीराजांचे निधन झाले. जंजिरा सिद्दीच्या हाती होता आणि तो घेण्याचे प्रयत्न यशस्वी होत नव्हते. अशा वेळी छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणजवळचे कुरटे बेट निवडले आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाचा धोंडा येथे पूजन करून किल्ल्याच्या कामास आरंभ केला. पुढच्याच वर्षी मिर्झाराजे जयसिंगाची स्वारी आली. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले द्यावे लागले. १६६६ च्या उन्हाळ्यात महाराज आग्र्यास गेले आणि तेथे नजरकैदेत अडकले. ऑगस्टमध्ये ते निसटले. या सर्व काळात येथे समुद्रात दगडावर दगड चढतच होता. १६६७ मध्ये किल्ला पूर्ण झाला.

भाविकहो, या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या राजाला तेवीस किल्ले सोडावे लागले, त्याचाच एक किल्ला त्याच दिवसांत उभा राहत होता. तहावर शिक्का उठवताना महाराजांना दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? ते नुकसान नव्हेच, असे त्यांनी स्वतःला समजावल्याचे दिसत नाही. जे द्यावे लागले ते दिले आणि जे हाती उरले होते त्याचे काम थांबू दिले नाही. निर्धार या शब्दाचा अर्थ आम्हांस येथे सापडतो. आणि ज्यांची नावे इतिहासात राहिली नाहीत असे पाथरवट, लोहार, नावाडी व मजूर यांचाही तो निर्धार होता. राजा आग्र्यात अडकल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत आली असेल, तेव्हाही दुसऱ्या दिवशीचा दगड त्यांनाच बसवावयाचा होता.

कधी कधी हातातले कामच नाहीसे होते. चालत आलेली वाट बंद होते आणि ती पुन्हा उघडणार नाही हे कळून चुकते. अशा वेळी काय करावे? आपल्याच महाराष्ट्रातील, सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण येथे आठवते. ते सैन्यात होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. ते पुन्हा सुरू होईल अशी आशा धरून बसणे म्हणजे उरलेले आयुष्य दवडणे होते. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहू लागले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देऊन सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक होय. शासनाने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला तो २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी.

या उदाहरणात दोन बोध आहेत. एक असा, की आशा कशाची धरावी हेही माणसाने ठरवावे लागते. पाय परत येतील ही आशा त्यांनी सोडली, पण देहाकडून अजून काही होईल ही आशा सोडली नाही. दुसरा बोध असा, की पदकापासून सन्मानापर्यंतची शेहेचाळीस वर्षेही जगावीच लागली. निर्धाराचे फळ लगेच मिळते, किंवा मिळाल्यावर जग त्याची लगेच दखल घेते, अशी हमी कोणी देऊ नये.

निर्धार म्हणजे अहोरात्र झगडत राहणे, असाही एक गैरसमज आहे. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधव याहून शहाणे आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या वर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त केली जातात. नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण होते, आणि मग दर्या शांत होईल तशा होड्या पुन्हा पाण्यात जातात. आषाढातल्या लाटांवर होडी घालणाऱ्यास कोणी शूर म्हणत नाही. ज्यांच्या मनावर दीर्घकाळ ताण आहे त्यांनीही हे ध्यानी घ्यावे. झोप, वेळेवर जेवण, दोन दिवसांची विश्रांती हा पराभव नसून तो जाळे विणण्याचा काळ आहे. रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांना तर हे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण स्वतः थकल्याचे कबूल करण्यात त्यांना अपराध वाटतो.

आता आणखी एक मुद्दा. आजकाल मनोबलाचा विचार बहुधा एकट्या माणसाचा गुण म्हणून केला जातो. आपल्या गावांनी त्याचा विचार वेगळ्या रीतीने केलेला दिसतो. मालवण तालुक्यातील आचरा, चिंदर यांसारख्या गावांत ठरावीक वर्षांनी ‘गावपळण’ होते. देवाचा कौल घेऊन सारा गाव, लहानथोर माणसे आणि गुरेढोरे यांसह, घरे बंद करून वेशीबाहेर जातो. तीन दिवस व तीन रात्री माळरानावर झोपड्या उभारून सर्व जण एकत्र राहतात. श्रीमंतांची माडी आणि गरिबाचे खोपटे दोन्ही मागे राहते. नंतर पुन्हा कौल घेऊन गाव घरी परततो. या प्रथेमागील श्रद्धा ज्याची त्याने जपावी. परंतु घर सोडून, थोडक्या सामानात, शेजाऱ्याच्या सोबतीने आनंदात राहता येते, याचा सराव पिढ्यान् पिढ्या त्यातून घडत आला आहे, हे मान्य करावे लागेल.

अशी सोबत नाइलाजाने कामी येण्याचा प्रसंगही या किनाऱ्याने पाहिला आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांत घरांची छपरे उडाली, आंबा, माड व पोफळी मोडून पडल्या आणि विजेचे खांब आडवे झाले. त्या वेळी कोरोनाची साथ चालू होती. व्यवहार आधीच ठप्प होते. अनेक गावांनी कित्येक रात्री अंधारात काढल्या. तेव्हा कोणी कोणास ‘चांगला विचार करा’ असे सांगत बसले नाही. ज्याच्याकडे कोयता होता त्याने वाटेवरचे झाड तोडले, ज्याची विहीर रहाटाची होती त्याने शेजाऱ्यास पाणी दिले आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वीज कर्मचाऱ्यांनी खांब उभे केले. त्या दिवसांत ज्यांचे धैर्य टिकले, त्यांतील पुष्कळांचे ते इतरांनी टिकविले होते. म्हणून मदत मागणे हा निर्धाराचाच भाग समजावा आणि मदत देणे हा धर्म समजावा. या देवस्थानास दान देणाऱ्या भाविकांच्या मनातही हीच भावना असते, असा आमचा विश्वास आहे.

येथे एक इशारा देणे कर्तव्य वाटते. ‘मनात असेल तर सारे काही होते’ हे वाक्य ऐकावयास गोड आहे, पण ते उलटे फिरविले असता फार क्रूर होते. मग जो बरा झाला नाही त्याच्या मनात नव्हते काय? वादळात ज्याची बाग गेली त्याचा विचार नकारात्मक होता काय? पूर्वी असेच ‘तुझ्या पूर्वजन्मीचे भोग’ म्हणून दुःखितास गप्प केले जाई. आता ‘तुझी इच्छाशक्ती कमी पडली’ असे म्हणून गप्प केले जाते. शब्द नवे आहेत, दुखापत तीच आहे. निर्धाराची अपेक्षा माणसाने स्वतःकडून करावी. दुसऱ्याचे दुःख मोजण्यासाठी ती काठी वापरू नये. पूर्ण निर्धाराने झगडूनही जी माणसे हरली, त्यांचे झगडणे व्यर्थ म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही.

तसेच, मनाची खिन्नता आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, झोप व अन्न तुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो श्रद्धेचा अभाव मानू नये. तापावर जसे औषध घेतो तसे मनाच्या आजारावरही वैद्यकीय उपचार घ्यावेत. त्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तेथे आपली व्यथा सांगणे हेही एक गाऱ्हाणेच आहे आणि ते ऐकणारा ‘होय’ म्हणतो, हे काही थोडे नाही.

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. देवाकडे मागणाऱ्याचा निर्धार उणा असतो काय? आपल्याकडे देवास कौल लावतात. पाषाणावर पाकळ्या वा तांदूळ लावून प्रश्न विचारतात आणि उजवा अथवा डावा कौल मिळतो. परंतु उजवा कौल मिळाला म्हणून कोणत्या शेतकऱ्याने नांगर खाली ठेवला? आणि डावा मिळाला तर दिवस बदलतो, मार्ग बदलतो; शेत पडीक राहत नाही. कौल मनाचा गुंता सोडवितो, पेरणी माणसालाच करावी लागते.

पूजेच्या आरंभी आपण जो संकल्प सोडतो त्यातही हेच तत्त्व आहे. हातात उदक घेऊन आपण देश आणि काल यांचा उच्चार करतो, आपले नाव व गोत्र सांगतो आणि काय करणार आहोत ते सांगतो. कोठे, केव्हा, कोणी आणि काय, एवढे सांगितल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही. ‘सारे ठीक होईल’ या वाक्यात यांपैकी एकही गोष्ट नाही, म्हणूनच त्याने क्षणभर बरे वाटते आणि घरी पोहोचेपर्यंत ते विरून जाते. याउलट ‘उद्या सकाळी बँकेत जाऊन हप्त्यांविषयी बोलेन’, ‘सोमवारी वडिलांना डॉक्टरांकडे नेईन’, ‘आज रात्री भावाला फोन करून खरे ते सांगेन’ हे संकल्प आहेत. लहान आहेत, पण त्यांना जागा आहे, वेळ आहे आणि कर्ता आहे.

म्हणून या क्षेत्री येणाऱ्या प्रत्येक भाविकास नम्र विनंती आहे. श्रींपुढे उभे राहून आपले गाऱ्हाणे मोकळेपणाने घालावे. त्यात काही उणे ठेवू नये. शेजारी उभा असलेला कोणी डोळे पुशीत असेल तर त्याला उपदेश न करता क्षणभर त्याच्याजवळ थांबावे. आणि प्रसाद घेऊन पायऱ्या उतरण्यापूर्वी, परतल्यावर करावयाचे एक तरी काम मनाशी ठरवावे. नवस फेडण्यास पुन्हा याल तेव्हा यावे. ते एक काम मात्र उद्याच व्हावे.

सर्वांच्या संकटांचे निवारण होवो, आणि जी लवकर निवारण होण्याजोगी नाहीत ती सोसण्याचे बळ व सोबत सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.